आक्षेप कायम

आमच्या वसईच्या आळीत बायबलचे ऑडिटर राहतात. नोकरीतून निवृत्त होताना त्यांनी लाल पेन्सिल तेवढी घरी आणली, आणि ती चालवायला आता जुना आणि नवा करार एवढंच दप्तर उरलंय.

सकाळी मिस्साला निघालेल्या बायका त्यांच्या ओटीसमोरून झपाझप जातात. एखादी सापडलीच, तर चौकशी सुरू. "दावीदाने शिरगणती केली. इस्राएलचे लढवय्ये शमुवेलाच्या पुस्तकात ८,००,०००, इतिहासाच्या पुस्तकात ११,००,०००. तीन लाख माणसं गेली कुठं?"

"एव्हाना मिस्साला पोचली असतील, काका. मीच राहिले."

काका नाउमेद होत नाहीत. यहोराम ३२व्या वर्षी गादीवर आला, आठ वर्षं राज्य करून वारला. लगेच मुलगा अहज्या राजा झाला. इतिहासात त्याचं वय ४२. "बापाहून मुलगा दोन वर्षांनी मोठा! जन्मदाखला कुणी तपासला?"

पण खरा जीव एज्राच्या पुस्तकावर. बाबेलहून परतलेल्यांची घराणेवार यादी त्यांनी कॅल्क्युलेटरवर तीनदा मारलीय. बेरीज येते २९,८१८; खाली लिहिलंय ४२,३६०. नहेम्यात तीच यादी, बेरीज ३१,०८९. खाली पुन्हा ४२,३६०. "तपशील वेगळे, एकूण मात्र जुळलेलं," काका डोळे मिचकावतात. "जन्मभर हेच तर पकडलं!"

गल्फहून आलेला पुतण्या एकदा बढाईने म्हणाला, "मी तर बायबल मानतच नाही." काका उखडले. "वाचलंस? न वाचता नाकारायचं म्हणजे व्हाउचर न बघता शेरा मारायचा!" त्याला पंधरा दिवसांच्या सुट्टीत राजांची दोन्ही पुस्तकं वाचायला लावली.

मग नवे फादर घराला आशीर्वाद द्यायला आले. काकांनी वही पुढे सरकवली आणि बाह्या सारल्या. फादरांनी ती शांतपणे चाळली. "बरोबर आहे. हाताने नकला करताना आकडे चुकले असणार. अहज्याचं वय राजांच्या पुस्तकात २२च आहे. यहूदा गळफासाने मेला की पालथा पडून पोट फुटून, याच्याही दोन हकिकती आहेत. पण तुमचं एक राहिलंय. मत्तय म्हणतो, वंशावळीत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. शेवटचा मोजा."

काकांनी बोटांवर मोजलं. तेरा.

फादर चहा पिऊन गेले. काकांचा चहा निवला. "असा पहिल्या भेटीत आक्षेप मान्य करतात? निदान वर्षभर फाइल दाबून ठेवायची, दोन स्मरणपत्रं येऊ द्यायची!"

हल्ली ते दर रविवारी मिस्साला जातात, पहिल्या बाकावर, वही घेऊन. बायबलने दगा दिला, तेव्हा आता फादरांचं ऑडिट. एका रविवारी फादर पाच भाकरी म्हणाले, पुढच्या रविवारी सात. पेन्सिल उचललीसुद्धा होती. पण येशूचे ते चमत्कार दोन, जेवलेली माणसंही एकदा ५,००० आणि एकदा ४,०००, हे अख्ख्या देवळात काकांनाच पाठ. आक्षेप काही बसेना.