वाया नाही जात भाऊ

अमरावतीच्या राजापेठेतल्या बाकीच्या इलेक्ट्रिकल दुकानांत गिऱ्हाईक स्टार्टर मागतं, दुकानदार स्टार्टर देतो, मामला आटोपतो. क्रेडिटभाऊंच्या दुकानात स्टार्टरबरोबर मुक्त शिक्षणही मिळतं, तेही न मागता. काउंटरच्या काचेखाली दुसरे लोक देवाचा फोटो ठेवतात, तिथं भाऊंनी एनआयओएसचं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं माहितीपत्रक सरकवलेलं आहे. भातकुलीकडचा एक शेतकरी पंपाच्या कंडेन्सरसाठी आला होता. पोऱ्या माळ्यावर कंडेन्सर शोधेपर्यंत भाऊंनी त्याला सगळी योजना समजावून टाकली. पाच विषय, पाच वर्षांची मुदत, नऊ संधी. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, जो सुटला तो नावावर जमा. "वाया नाही जात भाऊ, जमा होते!" शेतकऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोट्ट्याले नऊ चान्स, अन् कंडेन्सरले तुम्ही एकही देत नाही?"

'क्रेडिटभाऊ' हे नाव कॉलनीनं ठेवलं. लग्नपत्रिकेवर आणि जीएसटीच्या कागदावर वेगळं आहे, पण त्या नावानं आता त्यांना पोस्टमनही ओळखत नाही.

पोरगी आठवीत असताना भाऊंनी तिला शाळेतून काढलं. कारण रास्त होतं. शाळा, शाळेनंतर ट्यूशन, ट्यूशननंतर टेस्ट सिरीज, आणि रविवारी त्या टेस्टची चर्चा. पोर पेन हातात धरलं की रडायची. भाऊंनी एका संध्याकाळी गेटवर उभं राहून जाहीर केलं, "आता परीक्षा बंद. मोकळी शिकू द्या तिले." आम्हाला कौतुक वाटलं. काही दिवस त्या घरात खरंच शांतता होती. पोरगी उशिरा उठायची, पुस्तकं वाचायची, दुपारी दुकानात येऊन कारागिराशेजारी बसायची.

मग न्यू जर्सीहून मेहुण्याचा फोन आला.

मेहुण्याच्या शेजारचं एक पोर घरीच शिकत होतं आणि कॉलेजात जायच्या आधीच कॉलेजचे क्रेडिट गोळा करत होतं. अमेरिकेत कॉलेज बोर्डाची 'क्लेप' नावाची परीक्षा आहे, 1967 पासूनची. चौतीस विषय. बहुतेक पेपर दीड तासाचे. गुण 20 ते 80 च्या मध्ये, आणि 50 आले की बरीच कॉलेजं तो विषय झाला असं धरतात. त्या विषयाच्या वर्गात बसायचं नाही आणि फीही भरायची नाही. मेहुण्यानं हे सहज सांगितलं होतं. भाऊंना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी दूध घ्यायला आले तेव्हा डोळे लाल. "आपल्याकडे हे काऊन नाही?" त्यांनी दूधवाल्याला विचारलं. दूधवाल्याकडे उत्तर नव्हतं.

शोधल्यावर कळलं की अगदीच नाही असं नाही, थोडं थोडं सगळ्या खिशांत आहे. दहावीला एनआयओएस, किंवा आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म. कॉलेजच्या विषयांना एनपीटीईएल, आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स. शिकायला फुकट, परीक्षेला हजार रुपये, आणि वयाची कटकट नाही. बारा आठवड्यांच्या कोर्सला असाइनमेंटचे 25, परीक्षेचे 75. साठच्या वर गेलं की प्रमाणपत्रावर 'एलीट'. पोरगी पहिल्यांदा एलीट झाली तेव्हा भाऊंनी दुकानात सगळ्यांना पेढे दिले. एका गिऱ्हाइकानं पेढा तोंडात टाकून विचारलं, "एलीटचा पंखा कितीले आहे?"

परीक्षा बंद झाल्या त्याच घरात आता भिंतीवर तीन कॅलेंडरं लागली. लाल खूण एनआयओएसची, एप्रिल आणि ऑक्टोबरात. निळी एनपीटीईएलची. हिरवी कशाची ते वहिनींनाही माहीत नाही. असाइनमेंट रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी बंद होते म्हणून त्या घरात जेवणं साडेसातला उरकतात. वहिनी एकदाच बोलल्या, पण बोलल्या. "परीक्षेचा तरास नको म्हणून शाळा सोडली न आपण? मंग हे काय लावलं घरात?" भाऊ म्हणाले, "ती शाळेची परीक्षा होती. ही आपली आहे."

परीक्षेच्या दिवशीचा सोहळा तर बघण्यासारखा. दही-साखर, दोन पेनं, हॉल तिकिटाच्या चार झेरॉक्स, त्यातली एक भाऊंच्या बुटात. सेंटर नागपूरला आलं की पहाटेची एसटी. नांदगाव पेठ सुटलं की भाऊ प्रश्न विचारायला लागतात. मोझरीपर्यंत पोरगी उत्तरं देते. तिवस्याला नुसती मान हलवते. तळेगावला ती झोपलेली असते आणि भाऊ पुढच्या सीटवरच्या प्रवाशाला विचारत असतात. सेंटरच्या फाटकाबाहेर तीन तासांत ते इतर पालकांची अशी सभा भरवतात की वॉचमन खुर्ची आणून देतो. पोरगी बाहेर आली की भाऊ धावतात, "सातवा प्रश्न कसा गेला?" ती म्हणते, "बाबा, भूक लागली."

भाऊंची खरी कसोटी लग्नाकार्यात लागते. बडनेरा रोडवरच्या मंगल कार्यालयात कोणीतरी आत्या विचारतेच, "पोरगी कितवीत आहे?" या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर असतं हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. भाऊंचं उत्तर जिलबी संपेपर्यंत चालतं. "दहावीचे तीन विषय झाले, दोन ऑक्टोबरात आहेत, अन् मधात कॉलेजचाही एक झाला." आत्या सगळं ऐकते आणि शेजारणीकडे वळून हळहळते, "दोन विषयांत राह्यली म्हणे बिचारी."

आत्याला समजावता येईल. ऑफिसच्या खिडकीला कोण समजावणार? भाऊ एका कॉलेजात पोरीची प्रमाणपत्रं लॅमिनेट करून घेऊन गेले. नवं शैक्षणिक धोरण 2020 चं, त्यानंतर 2021 मध्ये आलेली क्रेडिटची बँक, त्यात क्रेडिट सात वर्षं टिकतात, 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे चाळीस टक्क्यांपर्यंत घेता येतात, हे सगळं त्यांनी खिडकीतून आत घातलं. आतल्या बाबूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "टीसी आणा." शाळा सोडल्याचा दाखला! पोरीकडे सगळ्यात आधीपासून तेवढाच कागद होता, आणि तोच भाऊ घरी विसरले होते.

या बँकेत एक मेख आहे आणि ती भाऊंना ठाऊक आहे. तिथं क्रेडिट भरतं ते विद्यापीठ किंवा कॉलेज. आई-बापांना भरणा करता येत नाही. पोरीनं आज कमावलेलं प्रमाणपत्र उद्या कॉलेजात गेल्यावर मोजतील की पुन्हा पहिल्यापासून बसवतील, हे त्या त्या कॉलेजाच्या हातात. अमेरिकेतही शेवटी कॉलेजच ठरवतं म्हणा, पण तिथं ते आधी छापून ठेवतात. हा विषय निघाला की भाऊ गल्ल्यातून एक जुनं कात्रण काढतात. 2016 साली मुंबईच्या मालविका जोशीला दहावी-बारावीच्या कागदाशिवाय अमेरिकेच्या एमआयटीनं घेतलं, त्याची बातमी. तिच्याकडे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची तीन पदकं होती, हा मजकूर नेमका घडीखाली येतो.

मला विचाराल तर भाऊ काही फार नवीन करत नाहीत. मुंबई विद्यापीठ 1857 साली निघालं तेच मुळी परीक्षा घ्यायला, शिकवायचं काम कॉलेजांचं. आणि आपल्याकडे घरोघरी एक काकू असते जिनं लग्नानंतर 'बाहेरून' बीए केलेलं असतं. पोळ्या लाटता लाटता अर्थशास्त्र पाठ केलेलं असतं. आमच्या वहिनी त्यातल्याच. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवी त्यांनी पोरगी रांगत असताना घेतली. त्या पदवीचा फोटो घरात कुठंही लावलेला नाही. भाऊ बारावीनंतर वडिलांच्या जागी दुकानात बसले ते बसलेच. पोरीच्या कोर्सचे व्हिडिओ रात्री शटर ओढल्यावर आधी ते पाहतात, वहीत लिहून घेतात, न समजलेल्या जागी गोल करतात. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. अक्षर बिलावरच्यासारखंच, पण गोल जपून केलेले.

पोरगी मात्र शांत आहे. कारागिराजवळ बसून बसून ती मोटारीचं वाइंडिंग शिकली. जळलेली मोटार उघडते, तार मोजते, नवी भरते. एका दुपारी असाच एक पंप सुरू झाला आणि तिनं गंमत म्हणून विचारलं, "बाबा, याचे किती क्रेडिट?" आम्हाला वाटलं, भाऊ गप्प होतील. भाऊंचा चेहरा उजळला. "आहे न! एनआयओएसले व्होकेशनल आहे! त्याचीही परीक्षा असते!" पोरगी पान्हा टाकून मागच्या दारानं पसार झाली.

गेल्या खेपेला भाऊंनी स्वतःही इलेक्ट्रिकल मशीन्सच्या कोर्सची परीक्षा दिली. पोरीला 71 आले, भाऊंना 38. पास व्हायला 40 लागतात. पुन्हा फॉर्म भरला आहे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा बाप असेल. त्याला 'पोरगी कितवीत आहे' असं विचारायच्या फंदात पडू नका. पोरीलाच विचारा, काय करून राहिली. ती दोन वाक्यांत सांगेल आणि तुमची जिलबी गरम असतानाच खाऊन होईल.