फायनल राउंडवाला

निपाणी-बेळगाव पट्ट्यात पूर्वी गल्लीगणिक एक पैलवान, एक समितीवाला आणि एक तंबाखूत बुडालेला असायचा. आता त्यांत चौथ्याची भर पडली आहे. हा फायनल राउंडवाला.

ओळखायला सोपा. इस्त्रीचा फिका निळा शर्ट, हातात स्टीलची पाण्याची बाटली, आणि ‘चहा घेणार काय?’ असं विचारलं तरी चेहऱ्यावर आकडेमोड. अकरावी-बारावी देवचंद कॉलेजात झालेली. हे कॉलेज सगळ्या जगाला निपाणीचं म्हणून माहीत, पण उभं आहे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. घर कर्नाटकात, हजेरी महाराष्ट्रात. मग बेळगावला इंजिनिअरिंग, मग कुठल्याशा आयआयएममध्ये एमबीए, आणि तिथं त्याला कन्सल्टिंगचं वारं लागलं. मॅकिन्सी 1926 साली शिकागोत निघाली हे त्याला तोंडपाठ. आजोबांचं श्राद्ध कुठल्या तिथीला, ते आईला विचारावं लागतं.

या कंपन्यांच्या पहिल्या राउंडांत समोर त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी पोरं असतात. फायनलला पार्टनर. आमच्याकडं पार्टनर म्हणजे वखारीत निम्मा हिस्सा असलेला आणि पुढं कोर्टात भेटणारा माणूस. तिकडचा पार्टनर तसा नव्हे. तो एक धंदा सांगतो, नफा का घटला म्हणून विचारतो आणि मग गप्प बसून मोबाईल बघतो. ते गप्प बसणंच जीवघेणं.

त्यावर उतारा म्हणून राउंडवाल्यानं एक वाक्य घोटून ठेवलंय : “मला विचार करायला एक मिनिट मिळेल का?” मुलाखतीत हे वाक्य शोभतं म्हणे. पण घोटलेलं वाक्य जागा बघून थोडंच बाहेर पडतं? बेळगावच्या बसमध्ये कंडक्टरनं “यल्लिगे?” म्हणून विचारलं, तर यानं शांतपणे एक मिनिट मागितलं. कंडक्टर म्हणाला, “लगू हेळ्री!” मागून कुणीतरी ओरडलं, “निपाणी दे गा त्याला, घर हाय त्याचं तिथं.”

दुसरं खूळ मीसीचं. बार्बरा मिंटो नावाच्या मॅकिन्सीतल्या बाईंनी हे शास्त्र रूढ केलं. कुठल्याही गोष्टीचे असे भाग पाडायचे, की एक दुसऱ्यात घुसता कामा नये आणि बाहेर काही राहता कामा नये. आईनं भाजी काय करू म्हणून विचारलं. हा म्हणाला, “आई, दोन बकेट करू. पालेभाजी आणि फळभाजी. झालं मीसी.” चुलीपुढं बसलेली काकू मान वर न करता म्हणाली, “आणि उसळ रं?” राउंडवाला तीन मिनिटं गप्प. पहिल्या राउंडला सुद्धा त्याला एवढं कुणी गारद केलं नव्हतं.

खरं तर या भागात मीसीचं नाव काढायलाच धाडस पाहिजे. 1956 साली राज्यांच्या पुनर्रचनेत मोठमोठ्या लोकांनी हेच केलं होतं, दोन बकेटी. उसळ राहिली. ती राहिलेली उसळ म्हणजे आम्ही. या भागासाठी महाराष्ट्रानं 2004 साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो अजून तिथंच आहे. एवढा लांबलेला फायनल राउंड ज्यांच्या वाट्याला आलाय, त्यांच्या पोरानं पाऊण तासाच्या मुलाखतीला घाबरावं, हे त्याच्या काकांना पटत नाही. काका 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या हाकेवर हायवेवर बसलेले. त्या आंदोलनात पुढं गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हापासून काकांपुढं प्रेशर हा शब्द घरात जपूनच काढतात.

काकांनी पुतण्याला मदत मात्र मनापासून केली. राउंडवाल्यानं बीसीजी कंपनीची 1970 सालची ती प्रसिद्ध चौकट कागदावर काढून दाखवली : तारा, प्रश्नचिन्ह, दुभती गाय आणि कुत्रा. कुठला धंदा वाढवायचा, कुठल्याचं दूध काढायचं आणि कुठला सोडून द्यायचा, ते यावरून ठरतं. काकांनी कागद लांब धरून बघितला. “ह्यात म्हस कुठाय?”

मग आले अंदाजाचे प्रश्न. मुंबईत न्हावी किती, विमानात टेनिसचे चेंडू किती मावतील, असले. राउंडवाल्यानं सरावाला गावचाच प्रश्न घेतला : बेळगावात रोज कुंदा किती खपतो? 2011 च्या जनगणनेत शहर 4 लाख 88 हजारांचं. त्यातून घरं काढली, घरांतून गोड खाणारी घरं, त्यातून मधुमेहवाली वजा, पाहुणे अधिक. पान भरलं. उत्तर पडताळायला खडेबाजारच्या बाजूला एका मिठाईवाल्याकडं गेला. मिठाईवाला वजनकाट्यावरची माशी हाकलत म्हणाला, “किती खपतंय ते कशाला मोजायलास? रातच्याला किती उरतंय ते बघ. दुसऱ्या दिवशी तेवढं कमी आटवायचं.” राउंडवाल्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि वर मथळा दिला : ‘प्रायमरी रिसर्च’.

फायनल बेंगळूरला होता. आदल्या रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट. निघताना कपिलेश्वराचा अंगारा पाकिटात, मावसभावाचा कोट पिशवीत, आणि कोटाच्या खिशात आईनं गुपचूप घातलेली कुंद्याची पुडी. श्वासाचे व्यायाम होतेच : चार आकडे आत, चार आकडे धरून, चार आकडे बाहेर. रात्रभर हुबळी, दावणगेरे, असं श्वास मोजत गेला. समोरच्या बर्थवरच्या म्हातारीनं सकाळी विचारलं, “दमा हाय काय, बाळा?”

आणि मुलाखतीत पार्टनरनं केस काय घातली? एका विडी कंपनीचा नफा घटलाय. झालं! वह्या भरभरून केलेल्या सगळ्या चौकटी त्याच्या डोक्यातनं उडाल्या आणि आत दडलेलं तंबाखूच्या घरातलं पोर बाहेर आलं. हवेत ओल असली की तंबाखूचं वजन कसं वाढतं, मुरलेला व्यापारी भाव बोलायच्या आधी चिमूट तळहातावर कशी चुरतो, नाकाशी नेतो, शिंक कशी दाबतो, कारण शिंक आली म्हणजे माल कडक आहे हे विकणाऱ्याला कळतं, विडीची मजुरी हजारावर कशी मोजतात, हे सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. शिंक दाबूनही दाखवली. पार्टनरनं मोबाईल पालथा ठेवला. मग हसत विचारलं, “निपाणी म्हणजे नेमकं कुठलं? महाराष्ट्र की कर्नाटक?”

घोटलेलं वाक्य ओठावर आलं होतं. पण याच प्रश्नाला एक मिनिट मागणं त्याला कसंसंच वाटलं. तो म्हणाला, “सर, मॅटर सबज्युडिस आहे.”

पार्टनर पोट धरून हसला. ठरल्यापेक्षा जास्त वेळ बसवून घेतलं, विड्यांचा आणखी हिशेब विचारला, दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “कळवतो.” राउंडवाला हवेतच होता. चौथ्या दिवशी मेल आला. त्यात त्याचं पुष्कळ कौतुक होतं आणि नोकरी नव्हती.

गल्लीत त्याचं वजन मात्र वाढलं. स्थळांच्या बायोडाट्यात चुलत्यानं ‘फायनल राउंडपर्यंत मजल’ अशी ओळ घातली, पगाराच्या रकान्याच्या बरोबर वर. संध्याकाळी कट्ट्यावर धाकटी पोरं जमतात आणि हा त्यांच्या मुलाखती घेतो. स्वतः पार्टनर होऊन मोबाईल बघत गप्प बसतो. त्यात तो आता इतका तयार झालाय, की परवा एक डिप्लोमाचं पोर रडकुंडीला आलं.

घरात फक्त आजीला हे प्रकरण नीट समजलेलं नव्हतं. आजीचा जन्म विड्या वळण्यात गेला. सूप मांडीवर, कात्री बोटात, दिवस मावळला की मुकादमापुढं जुड्या. तिला त्यानं समजावून सांगितलं, की आजी, शेवटच्या निवडीत मला बाजूला काढलं.

“छाट काढली म्हण की,” आजी म्हणाली. “आमच्या पण काढायचा मुकादम. हजारातल्या चाळीस-पन्नास. विडी वाईट म्हणून न्हवं. छाटीचं पैसं देत न्हवता आणि विड्या माघारीबी देत न्हवता. स्वतः वडत बसायचा.”

मग जरा थांबून तिनं विचारलं, “तुला बसवून त्या विडीवाल्याचा सगळा हिशेब करून घेतला म्हणतोस. मजुरी दिली काय त्येनी?”

राउंडवाल्यानं विचार करायला एक मिनिट मागितलं. आजी तेवढ्यात उठून कोंबड्या कोंडायला गेली.