किडकं हाये का जी?

असा एक गिटारवेडा तुमच्याही गावात असेलच. आमचा चंद्रपूरचा भाऊ कुणाच्याही घरी गेला की चहाआधी लाकूड तपासतो. देव्हारा, पाट, पाळणा, दाराची चौकट, सगळ्यावर टकटक करून कान लावतो आणि आशेनं विचारतो, "किडकं हाये का जी?"

याला कारण ब्रायन मे. 'क्वीन' या रॉक बँडच्या या गिटारवादकानं 1963 मध्ये, सोळाव्या वर्षी, वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार करायला घेतली, ती 'रेड स्पेशल'. मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, मानेवरच्या खुणा म्हणजे आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. त्या मानेला किडीचं भोक होतं, ते काडेपेटीच्या काडीनं बुजवलेलं. भाऊला हुबेहूब तशीच हवी, म्हणजे भोकासकट. ('क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, तेव्हा गिटार महाराष्ट्राचीच, हा त्याचा हिशेब.) स्प्रिंगा राजदूतच्या मिळाल्या, बटणं आईनं शिव्या देत दिली. अडलं किडीपाशी. मे महिन्यात पारा 47 वर जाणाऱ्या गावात फायरप्लेस कुठली? आणि आलापल्लीपासून बल्लारपूरपर्यंत आमच्या सागाची कीर्तीच ही, की पक्क्या सागाला सहसा कीड लागत नाही!

मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपुरातून सागवान निघालं. शोभायात्रा, ढोलताशे, लोक ओंडक्यांना हात जोडताहेत आणि हा वाकून कान लावतोय. मागची आजी म्हणाली, "का भक्ती हाये पोराची!" एका मयताच्या घरी सगळे मान खाली घालून बसले असताना यानं गेलेल्या माणसाच्या पलंगावर टकटक केली. आम्ही ओळख न दाखवता बाहेर पडलो.

तरी झाडीपट्टीच्या नाटकांच्या हंगामात वडशाकडे मध्यरात्री कुणाचा साउंड बंद पडला, की फोन यालाच जातो. थंडीत मोटारसायकल काढतो, सोल्डरिंग करून देतो, पैसे घेत नाही. हे मला मान्य करावं लागतं.

भाऊचे वडील सुतार होते. गिटारचा सांगाडा बापलेकांनी मिळून कोरला, आणि मान करायच्या आधीच ते गेले. त्यांची पटाशी भाऊ कुणाला हात लावू देत नाही. किडकं लाकूडच मिळत नाही, म्हणतो. गेल्या पावसाळ्यात मी आंब्याची किडलेली फळी नेऊन दिली, तर उलटून पालटून पाहिली आणि म्हणाला, "भोकं बारीक हायेत."

तेव्हा तुमच्या माळ्यावर जुनं, किडकं लाकूड पडलं असेल, तर कृपया भाऊला कळवू नका.