बर्कलेबुवा गोटमारीत

तत्त्वज्ञाची टिंगल करायची तर आधी तो तत्त्वज्ञ वाचावा लागतो, ही या धंद्यातली मोठी गोची आहे. पुढाऱ्याची टिंगल करायला काहीच वाचावं लागत नाही. क्रिकेटपटूची टिंगल तर ज्याने जन्मात बॅट धरली नाही तोच उत्तम करतो. पण कांटची थट्टा करायची म्हणजे त्याचा ग्रंथ निदान छातीवर ठेवून झोपी गेलेलं असावं लागतं. मी गेलेलो आहे. सागर विद्यापीठाचं प्रायव्हेट एम.ए., विषय दर्शनशास्त्र. रजनीशही १९५७ साली त्याच विद्यापीठातून त्याच विषयात एम.ए. झाले. पुढे त्यांच्या दारात ९३ रोल्स रॉइस उभ्या राहिल्या म्हणतात. माझ्या दारात एक लूना आहे, तीही उभीच असते.

तर अशी डिग्री घेऊन मी मध्य प्रदेशातल्या रामाकोन्यात मास्तरकी केली आणि रिटायर झालो. दर्शनशास्त्राचा उपयोग फक्त पेन्शनच्या कार्यालयात झाला. तिथे ‘काल म्हणजे काय’ हा प्रश्न जर्मन लोकांपेक्षा खोलवर कळतो. बाकी कांट, हेगेल मंडळी माळ्यावर पडून होती. ती खाली उतरवली माझ्या भाच्याने. तो नागपूरला इंजिनीअरिंगला होता. सुट्टीत आला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, “मामाजी, हे तुमच्या लाइनीतलं आहे.”

ते ‘एक्झिस्टेन्शियल कॉमिक्स’ होतं. कोरी मोहलर नावाच्या एका अमेरिकन सॉफ्टवेअर इंजिनीअरने २०१३ साली ही चित्रकथा इंटरनेटवर सुरू केली. पात्रं सगळी खरीखुरी : सॉक्रेटिस, नीत्शे, मार्क्स, सार्त्र, सिमोन द बोव्हार, कामू. एका कथेत हे थोर लोक ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा राक्षस-भुयारांचा खेळ खेळायला बसतात आणि एरवी ग्रंथांत भांडतात तसेच तिथेही भांडतात. दुसऱ्या एकीत ‘फॅलसी मॅन’ नावाचा सुपरहिरो आहे. कोणी बोलायला तोंड उघडलं की हा त्याच्या युक्तिवादातला तर्कदोष नाव घेऊन सांगतो. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एक आहे, फक्त त्याला अजून पोशाख मिळालेला नाही.

मी हसलो. भाचा हसला नाही. मग त्याने खाली बोट लावलं. त्या चित्रकथेखाली एक सोय आहे : विनोद कळला नसेल तर इथे दाबा. दाबलं की खुलासा उघडतो, आणि तो बरेचदा चित्रकथेपेक्षा लांब असतो. भाच्याने तो सगळा वाचला. तरी हसला नाही. मग सावकाश विचारलं, “मामाजी, तुम्ही खरंच हसलात, का डिग्रीची इज्जत राखली?”

या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

तत्त्वज्ञांना हसण्याचा धंदा तसा जुना आहे. सॉक्रेटिस जिवंत असताना, इ.स.पू. ४२३ मध्ये, ॲरिस्टोफेनिसने त्याला ‘मेघ’ या नाटकात टोपलीत बसवून अथेन्सच्या रंगमंचावर टांगला होता. थेलीस ताऱ्यांकडे बघत चालताना विहिरीत पडला आणि एक मोलकरीण खदखदून हसली, ही गोष्ट तर खुद्द प्लेटोने लिहून ठेवली आहे. मोंटी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीने १९७२ मध्ये जर्मन आणि ग्रीक तत्त्वज्ञांची फुटबॉल मॅच लावली. पंच कन्फ्यूशियस. शिट्टी वाजते आणि सगळे तत्त्वज्ञ चेंडू सोडून विचार करत फिरायला लागतात. शेवटी गोल होतो तो सॉक्रेटिसच्या डोक्याने.

हे सगळं वाचून मला आणि भाच्याला एकच खूळ लागलं : आपण रामाकोन्याची अशी चित्रकथा काढायची. भाचा काढणार, मी विचार पुरवणार. विनोद आधी एस.टी.डी.च्या जुन्या बूथशेजारच्या चहाटपरीवर तपासून घ्यायचे, कारण तिथे फुकट हसणारा कोणी नाही.

पहिला प्रयोग डायोजिनीसचा. प्लेटोने व्याख्या केली की माणूस म्हणजे पिसं नसलेला दोन पायांचा प्राणी. डायोजिनीसने एक कोंबडा सोलला, प्लेटोच्या शाळेत नेऊन ठेवला आणि म्हणाला, हा घ्या प्लेटोचा माणूस. मी ही गोष्ट रंगवून सांगितली. टपरीवर शांतता. मग चहावाला म्हणाला, “मंग त्या कोंबड्याचं पुढं काय केलं?”

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

“अस्सं कसं, गुरुजी? सोलला ना? मंग वाया घातला?”

एवढ्या वर्षांत मला किंवा माझ्या परीक्षकांना हा प्रश्न पडला नव्हता. डायोजिनीस भीक मागून जगायचा, तेव्हा मुख्य मुद्दा हाच असला पाहिजे.

दुसरा प्रयोग मात्र जमला. तो बर्कलेचा. जॉर्ज बर्कले हा आयर्लंडचा, पुढे बिशप झालेला तत्त्वज्ञ. आपल्या भाषेत बुवाच. १७१० च्या आपल्या ग्रंथात त्याने सांगितलं की वस्तूचं असणं म्हणजे तिचं कोणाला तरी जाणवणं. जाणवणारा कोणी नाही तर वस्तूही नाही. टपरीवर त्या दिवशी एक संत्र्याचे बगीचे ठेक्याने घेणारे गृहस्थ होते. अंबिया बहाराचा माल झाडावर होता, त्यामुळे ते आधीच तत्त्वचिंतनाच्या अवस्थेत होते.

“म्हंजे मी बगीच्यात नसलो का संत्रा नसते?”

“बर्कलेच्या मते, कोणीच नसलं तर नसतो.”

“मंग मी रातभर जागली कायले करतो? घरी झोपतो ना. संत्रा नाही त चोर काय नेईन?”

“पण चोर आला की त्याला दिसतो. मग असतो.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे माह्या बगीच्यातला संत्रा चोराच्या भरवशावर हाय?”

मी घाईघाईने बर्कलेची बाजू सावरली. म्हटलं, तसं नाही. आपण कोणी नसलो तरी देव सतत सगळं पाहत असतो, म्हणून वस्तू टिकून राहतात. त्यावर त्यांनी कप खाली ठेवला. “देव रातभर पाह्यते? मंग रखवालदाराचा पगार मी कायले देऊ?”

बर्कलेवर गेल्या तीनशे वर्षांत पुष्कळ टीका झाली, पण पगाराच्या अंगाने झालेली माझ्या वाचनात नाही.

हसणं थांबल्यावर मी डॉक्टर जॉन्सनची गोष्ट सांगितली. १७६३ साली बॉस्वेलने त्यांना विचारलं, बर्कलेचं म्हणणं खोटं वाटतं, पण खोडून कसं काढायचं? जॉन्सननी समोरच्या मोठ्या दगडाला सणसणीत लाथ मारली. हे माझं उत्तर. यावर कोपऱ्यातले एक बाबाजी, जे एरवी बोलत नाहीत, एकदम म्हणाले, “लाथ मारासाठी इतल्या दूर कायले गेले? पांढुर्ण्याले आनाचं होतं. तिथं दगडच मानसापाशी येते.”

आणि तिथल्या तिथे आमची सर्वोत्तम चित्रकथा तयार झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, हे वाचकांना माहीत असेल. मध्ये जाम नदी. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि तो काढायला जाणाऱ्यांवर दोन्ही काठांवरून दगड. पहिल्या चौकटीत बर्कलेबुवा झग्यासकट नदीच्या मधोमध. दुसरीत ते पांढुर्ण्याच्या काठाकडे तोंड करून समजावतात की पाहिल्याशिवाय दगड नसतो, म्हणून सर्वांनी डोळे मिटावेत. तिसरीत सावरगावचा दगड, मागून, त्यांना न दिसलेला. चौथी चौकट बाबाजींनी स्वतः पुरवली. त्यांनी टोपी वर केली आणि कपाळावरची जुनी, बोटभर लांब, पांढुरकी खूण दाखवली. “हा मले नव्हता दिसला,” म्हणाले. खुलाशाचं बटण कोणी मागितलं नाही.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. गोटमारीत दर वर्षी शेकड्यांनी लोक जखमी होतात, माणसं मेलेलीही आहेत, आणि मी त्या प्रथेचा वकील नाही. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. लोकांना ते पटले नाहीत. डॉक्टर जॉन्सननाही पटले नसते.

पुढच्या कथा इतक्या सरळ गेल्या नाहीत. झेनोच्या विरोधाभासावर मी छिंदवाडा–नागपूर छोट्या लाइनीची कथा लिहिली होती. झेनो म्हणतो, अंतराच्या आधी निम्मं अंतर, त्याआधी त्याच्या निम्मं, म्हणून गती अशक्य. आणि डब्याच्या दारात उभा असलेला आमचा प्रवासी उतरतो, शेजारच्या वावरातून दोन वाळकं तोडतो, परत चढतो. टपरीवरची पिकली डोकी हसली. भाचा आणि त्याच्या वयाची पोट्टी बघत राहिली. छोटी लाइन २०१५ च्या अखेरीस बंद झाली. आता मोठ्या लाइनीची गाडी धावते. आमच्याच गावच्या विनोदाला खुलाशाचं बटण लागलं, तेही ग्रीक भागासाठी नव्हे.

थीसियसच्या जहाजाची कथा मात्र मला फार आवडते. अथेन्सचे लोक त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का, असा पेच. रामाकोन्याने हा पेच उलटा केला. आमची फळी एकही बदलली नाही, पाटीच बदलत गेली. १९५६ पर्यंत राजधानी नागपूर. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ. घरात मराठी, शाळेत हिंदी. जिल्हा छिंदवाडा होता. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली काढून पांढुर्णा जिल्हा केला. हेराक्लायटस म्हणतो, एकाच नदीत दोनदा पाय टाकता येत नाही. आमच्याकडे नदी तीच आहे, जिल्ह्यात दोनदा पाय टाकता येत नाही. हा पेच मी टपरीवर ठेवला, तेव्हा बगीचेवाले म्हणाले, “गाव बदललं का नाही मले नाही माहीत, गुरुजी. पन आपला संत्रा सावनेर ओलांडला का नागपुरी होते.” तादात्म्याच्या प्रश्नावर एवढं नेमकं उदाहरण मी परीक्षेत लिहिलं असतं तर फर्स्ट क्लास मिळाला असता.

चार्वाकाचीही एक कथा होती. त्याच्या पंथाचे मूळ ग्रंथ हरवले. तो काय म्हणायचा हे आपल्याला मुख्यतः त्याच्या विरोधकांकडून कळतं, म्हणजे सुनेची माहिती सासूकडून घ्यावी तसं. कर्ज काढा पण तूप प्या, हे त्याचं म्हणून सांगितलं जातं. आमच्या कथेत तो बँकेत जातो आणि साहेब विचारतात, “ऋण पुस्तिका आणली का?” मध्य प्रदेशात शेतकऱ्याच्या जमिनीच्या वहीला हेच नाव आहे. चार्वाकाला वाटतं, हरवलेला ग्रंथ सापडला. शोपेनहाउअरच्या कथेचं असंच झालं. या गृहस्थाने उपनिषदं वाचून आपल्या कुत्र्याचं नाव ‘आत्मा’ ठेवलं होतं. टपरीवर सांगितलं, तर दोघांनी विचारलं, अर्ज कधीपासून भरायचे? आमच्याकडे आत्मा म्हणजे कृषी विभागाची योजना.

आता माझं स्पष्ट मत. आपल्याकडे तत्त्वज्ञांच्या थट्टेचं हे काम पाश्चात्त्यांहून चांगलं होत होतं. जग मिथ्या सांगणाऱ्या आचार्यांवर राजाने हत्ती सोडला, आचार्य पळाले, आणि विचारल्यावर म्हणाले की हत्तीही मिथ्या, माझं पळणंही मिथ्या. भांड्याला तुपाचा आधार की तुपाला भांड्याचा, हे ठरवायला नैयायिकाने भांडं उपडं केलं. हे किस्से सांगणारे लोक वेदांत आणि न्याय पाठ असलेले होते, म्हणून नेम अचूक बसला. पुलंनी ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) मध्ये आचार्यांच्या वैराग्यासमोर इंदूरचे काकाजी आणून बसवले, आणि काकाजी वाद न घालता जिंकतात. पण एरवी आपण तत्त्वज्ञाला हार घालतो, तसबिरीत बसवतो, जयंतीला भाषण करतो. तसबिरीतल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याला कोणी वाचत नाही. मोहलरच्या चित्रकथेमुळे मी माळ्यावरचा बर्कले खाली काढून पुन्हा वाचला. जयंतीच्या भाषणानंतर मी आजवर कोणाचंच पुस्तक उघडलेलं नाही.

भाच्याला पुण्यात नोकरी लागली. त्याने काढलेल्या चौकटी माझ्याकडे आहेत. त्यांत सॉक्रेटिस, मार्क्स आणि टपरीवरचे बाबाजी एकाच दाढीचे आहेत, आणि बर्कलेचा झगा रेनकोटसारखा दिसतो. तेव्हा सौंसर–पांढुर्णा भागात चित्र काढू शकणारा कोणी पोट्टा किंवा पोट्टी असेल, तर रामाकोन्याला यावं. चहा माझ्याकडून. दाढ्या वेगवेगळ्या काढता आल्या पाहिजेत, गोटमारीचा दगड मागून आला पाहिजे, आणि खाली खुलासा छापायचा नाही.