मेलवीथीचा स्पेकराव

तमिळनाडूत बारावीचे निकाल मे महिन्यात लागतात आणि अग्निनक्षत्र, म्हणजे उन्हाचा ऐन कडाका, तोही त्याच महिन्यात असतो. हे दोन ताप तंजावरच्या मेलवीथीत, एका जुन्या मराठी घराच्या तिण्णैवर एकत्र येतात. तिण्णै म्हणजे आपली ओसरी. दुपार कलल्यावर तिच्यापुढे चपला साचू लागल्या की समजावं, कुणाच्या तरी पोराला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय आणि आत स्पेकराव बसलाय.

स्पेकराव हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग साडेतीनशे वर्षांपूर्वी जी मराठी मंडळी इकडे आली, त्यांनी मुलूख सोडला, जेवण बदललं, बोलण्यात मुबलक तमिळ घेतलं, पण नावामागचा राव सोडला नाही. त्यापुढचं स्पेक गल्लीतल्या पोरांनी जोडलं. कारण ‘स्पेक्स काय आहेत?’ हा प्रश्न तो नव्या मिक्सरबद्दल विचारतो, पुतण्याच्या सायकलीबद्दल विचारतो आणि स्वतःला सांगून आलेल्या स्थळाबद्दलही विचारतो. म्हणूनच चाळिशी जवळ आली तरी स्थळं येतच आहेत.

असा माणूस प्रत्येक गावात, प्रत्येक गोतावळ्यात एक असतो. पुण्यातला स्पेकराव तुम्हाला आधी तुमचं अज्ञान दाखवतो. तंजावरचा आधी कापी देतो, पितळेच्या डबऱ्यात. अज्ञान त्यानंतर.

येणाऱ्या बापांची सुरुवात ठरलेली असते. “अभ्यासापुरता एक लॅपटॉप सांग. साधा. हलका. गेम-बिम काही नको.” बापाच्या मागे पोरगा उभा असतो आणि भुवयांनी स्पेकरावला काहीतरी विनवत असतो. स्पेकराव पोराकडे बघतही नाही. शांतपणे विचारतो, “शाखा कुठली?” मेकॅनिकल म्हटलं की तो म्हणतो, “सॉलिडवर्क्स चालायला हवं, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार.” सिव्हिल म्हटलं की रेव्हिट निघतं. कॉम्प्युटर सायन्स असेल तर मशीन लर्निंग आणि कुडा कोअर, आणि हे शब्द तो इतक्या गंभीरपणे उच्चारतो की बाप नकळत पाय खाली सोडून नीट बसतो. गेमिंग हा शब्द अख्ख्या बैठकीत एकदाही येत नाही. बीकॉमला निघालेल्या पोराचं काय करायचं, हे कोडं मात्र त्याला सुटलेलं नाही. “उद्या टॅलीही थ्रीडीत येईल,” असं तो एका बापाला म्हणाला होता. तो बाप पुन्हा आला नाही.

किंमत ऐकली की बाप कळवळतो. लाखाच्या आसपास! त्याचाही दोष नाही. जयललितांनी २०११च्या सप्टेंबरात सरकारी आणि अनुदानित शाळा-कॉलेजांतल्या पोरांना फुकट लॅपटॉप वाटायला सुरुवात केली, तेव्हापासून या राज्यातल्या एका अख्ख्या पिढीने लॅपटॉप ही सरकारने द्यायची वस्तू मानली. “माझ्या भाचीला सरकारने दिला, आठ वर्षं चालला,” बाप म्हणतो. “चालला, काका. पण पळाला का?” स्पेकराव विचारतो.

मग वहीचं पान फाटतं आणि खरा स्पेकराव बाहेर येतो. पानावर तो दोनदा लिहितो : ४०९०, ४०९०. एक डेस्कटॉपमधलं कार्ड, एक लॅपटॉपमधलं. डेस्कटॉपच्या पोटात १६,३८४ कुडा कोअर, लॅपटॉपच्या पोटात ९,७२८. तिकडे मेमरी २४ जीबी, इकडे १६. तिकडे ४५० वॉट खायची मुभा, इकडे फार ओढलं तर पावणेदोनशे. “नाव एक आहे म्हणून काय झालं? आमच्या घरात तीन व्यंकोजीराव होऊन गेले. एकाने तरी तंजावर जिंकलं का?” पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाला मागे ‘एम’ लावत, ९८०एम वगैरे. २०१६ला दहाच्या मालिकेत तो एम गेला. स्पेकरावच्या हिशोबाने कलियुग तेव्हा सुरू झालं.

तरी माणूस खोटा नाही. ४०६०ची गोष्ट निघाली की तो लगेच कबूल करतो की दोन्हीकडे ३,०७२च कोअर आहेत, इथे फसवणूक नाही. फक्त लॅपटॉपवाली कंपनी त्या कार्डाला वीज किती देते ते पाहावं लागतं. ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत काहीही असू शकतं, आणि डब्यावर नाव तेच. पातळ, देखण्या लॅपटॉपात बिचारं कार्ड उपाशी असतं. हा वॉटचा आकडा दुकानदाराला विचारला की तो लॅपटॉप उलटा करून त्याचा रंग दाखवतो. हे मात्र पुण्या-मुंबईतही तसंच आहे.

तंजावरच्या हवेचा प्रश्न त्याहून अवघड. कावेरीचं खोरं म्हटलं की आपल्याला हिरवीगार भातशेती दिसते. मे महिन्यात तिथे पारा चाळिशीला टेकतो, हे चित्रात येत नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवायला वेग उतरवतो. खोलीतली हवाच अडतीसची असेल तर पंखा तरी कुठली थंड हवा आणणार? तो फक्त आवाज करतो. गेमिंग लॅपटॉप मांडीवर घेऊ नये, असं कंपनीही सांगते, पण वेष्टी नेसणाऱ्या प्रांतात ही सूचना छापायची गरज नाही. माणूस आपोआप उठतो.

डेस्कटॉपचा पेटारा मोठा, त्यात हवा खेळती, पंखे हातभर रुंद. म्हणून स्पेकराव मनाने डेस्कटॉपवाला. पण हा धर्म त्याने २०१२ साली जवळजवळ सोडला होता. त्या वर्षी चेन्नईबाहेरच्या तमिळनाडूत वीज यायची ती पाहुण्यासारखी. “करंट पोच्चु!” अशी आरोळी गल्लीच्या एका टोकाला उठली की दुसऱ्या टोकापर्यंत अंधार तिच्याबरोबरच पोचत असे. यूपीएस होता, ६०० व्हीएचा. म्हणजे जेमतेम ३६० वॉट, तेही कागदावर. गेम ऐन रंगात असताना वीज गेली की तो यूपीएस जिवाच्या आकांताने किंचाळायचा, आणि काय झालं म्हणून विचारेपर्यंत गप्प व्हायचा.

लॅपटॉपवाले भाचे तेव्हा हसले. स्पेकरावने ते हसू लक्षात ठेवलं, आणि भाच्याने गेमिंग लॅपटॉप घेतला त्या दिवशी व्याजासकट परत केलं. बॅटरीवर ते राक्षसी कार्ड अर्ध्या ताकदीनेही चालत नाही, आणि तास-सव्वा तासात बॅटरीही मान टाकते. मोठी बॅटरी का घालत नाहीत? कारण विमानात शंभर वॉट-अवरच्या वरच्या बॅटरीला खास परवानगी लागते, म्हणून कंपन्या ९९वर येऊन थांबतात. “विमानात चालावी म्हणून बॅटरी लहान केली, आणि अडाप्टर असा दिला की त्याचं वेगळं तिकीट काढावं.” ३३० वॉटचा अडाप्टर ज्याने उचललाय त्याला हे पटेल.

२०१८च्या नोव्हेंबरात गजा वादळ आलं. जिल्ह्यातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या, पट्टुक्कोट्टैकडे तर कितीतरी दिवस वीज नव्हती. जनरेटरवर पैसे घेऊन फोन चार्ज करून देण्याचा धंदा तेव्हा उभा राहिला. स्पेकराव सांगतो, अशाच एका रांगेत एका पोराने पिशवीतून २३० वॉटचा अडाप्टर काढला. जनरेटरवाल्याने तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, “तंबी, एवढ्यात मी वीस घरांचे फोन जगवतो. तू घरी जाऊन झोप.”

स्पेकरावचा स्वतःचा डेस्कटॉप हॉलमध्ये आहे. आई त्याला ‘तुझं कपाट’ म्हणते. एका बाजूने काच, आत सात रंगांचे दिवे. ते दिवे बंद करायला आई वर्षभर सांगते आणि नवरात्रात चालू करायला सांगते. कारण कोलूच्या, म्हणजे बाहुल्या मांडायच्या, पायऱ्या कपाटाशेजारीच लागतात आणि वरच्या पायरीवरच्या देवीवर जांभळा प्रकाश फार छान पडतो. मान डोलावणारी तंजावरची बाहुली एक वर्ष थेट कपाटावरच ठेवली होती. ग्राफिक्स कार्डाचा पंखा जोरात फिरला की ती आपोआप मान हलवायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना फार कौतुक वाटलं.

आयुधपूजेला कपाटाला गंध, कुंकू, विभूती सगळं लागतं. त्यातलं काही समोरच्या जाळीतून आत जातं, ते पुढे दिवाळीपर्यंत बाहेर येत राहतं. पण खरा शत्रू पाल. कावेरीकाठच्या घरात पाली असायच्याच, आणि उबदार पेटारा त्यांना बाळंतपणाला बरा पडतो. अंगावर पाल कुठे पडली तर फळ काय, याचा तक्ता पंचांगात असतो : डोक्यावर, खांद्यावर, पायावर. ग्राफिक्स कार्डावर पडली तर काय, हे त्यात दिलेलं नाही. स्पेकरावला ते अनुभवाने ठाऊक आहे. द्रव्यनाश.

गावात वीणा करणारे अजून आहेत, आणि तिथे पोरांना घेऊन जायची त्याला हौस आहे. फणसाच्या एकाच ओंडक्यातून अखंड कोरलेली ती एकांड वीणा. दुसरीत भोपळा, दांडी आणि याळी या कल्पित प्राण्याचं तोंड वेगवेगळं करून जोडतात. “एकांड म्हणजे लॅपटॉप,” स्पेकराव समजावतो, “देखणी, महाग, आणि एक भाग बिघडला की सगळीच गेली. जोडलेली म्हणजे डेस्कटॉप.” वीणा करणारे हे ऐकून हसतात, कारण त्यांच्या लेखी मान एकांडचाच. पण यंत्रांपुरतं त्याचं बरोबर आहे. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बोर्डावर डागलेलं असतं. बदलता येतात फार तर रॅम आणि एसएसडी, आणि पातळ यंत्रांत आता रॅमही डागलेली येते. याउलट स्पेकरावने २०१७ सालच्या एएम४ मदरबोर्डावर २०२२ साली आलेला रायझन ५८००एक्स३डी बसवला. त्यासाठी उळवन एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून चेन्नईच्या रिची स्ट्रीटला गेला आणि तसाच परतला. बायोस अपडेट झालं, जुन्या बोर्डाने नवा प्रोसेसर ओळखला. घरात पायसम झालं. आईला वाटलं, स्थळ पसंत पडलं.

एवढं करून तो खेळतो काय? जवळजवळ काहीच नाही. तो सिनेबेंच ही वेगचाचणी चालवतो, आकडा पाहतो, एक सेटिंग बदलतो, पुन्हा चालवतो. जीटीए सहासाठी यंत्र सज्ज ठेवलंय असं सांगतो. त्या खेळाची घोषणा फक्त प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी झाली आहे, हे त्याच्यासमोर काढू नये. आणि नवं काही घेऊ का म्हणून विचारलंत तर त्याचं उत्तर एकच : थांब. २०२१ला ग्राफिक्स कार्डं क्रिप्टोच्या खाणकामवाल्यांनी पळवली होती, तेव्हा थांब. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियमचं खाणकाम संपलं, आता भाव उतरतील, थांब. २०२५च्या जानेवारीत पन्नासची मालिका आली, पहिल्या महिन्यात कोण घेतो, थांब. थांबता थांबता २०२५ संपत आलं आणि एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव कुठल्या कुठे नेले. त्याच्या शब्दावर थांबलेला एक मावसभाऊ अजून जुन्या पेंटियमवर आहे आणि त्याच्याशी बोलत नाही.

गंमत अशी, की डेस्कटॉपचे एवढे पोवाडे गाऊन तो कागदाच्या तळाशी दर वेळी लॅपटॉपच लिहून देतो. कारण शेवटचा प्रश्न तो पोराला विचारतो : “राहणार कुठे?” पोरगा म्हणतो हॉस्टेल. मग चेन्नई, मग बंगळूर, मग जमलं तर न्यू जर्सी. मेलवीथीतली घरं अशीच एकेक करून रिकामी झाली. पत्ता बदलणाऱ्याला पेटारा कसा परवडेल? स्पेकरावचे सगळे भाऊ लॅपटॉप घेऊन गेले. मागे राहिलेल्याकडे डेस्कटॉप आहे, आणि सहाही भावांच्या घरांच्या किल्ल्या त्याच डेस्कटॉपमागच्या खिळ्याला आहेत. स्थळाकडचे विचारतात, “मुलगा चेन्नईला की बंगळूरला?” तो म्हणतो, “मेलवीथी.” पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येतो. स्पेकराव पुन्हा सिनेबेंच लावतो.

कधी त्याच्याकडे गेलात तर बजेट घरून ठरवून जा आणि सांगताना वीस हजारांनी कमी सांगा, तो तेवढे वाढवतोच. बाकी त्याचा सल्ला आताच ऐकून ठेवा. पोर बाहेरगावी राहणार असेल तर लॅपटॉप, पण कार्डाला किती वॉट मिळतात ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. घरीच राहणार असेल तर डेस्कटॉप, सोबत हजार व्हीएचा यूपीएस, आणि पेटाऱ्याच्या मागच्या भोकांना बारीक जाळी.