एक अक्षर पाठवण्याची सोपी रीत

तुम्हाला सिरियल पोर्टमधून एक अक्षर बाहेर पाठवायचं आहे. एकच, इंग्रजी कॅपिटल ए. काम पाच मिनिटांचं आहे. तरी जेवणाचा डबा सोबत असू द्या.

पायरी पहिली. मशीनच्या पाठीमागे नऊ पिनांचं तोंड शोधा. लॅपटॉपला ते नसतं, म्हणून माळ्यावरचा जुना सीपीयू उतरवा आणि धूळ पुसा. झाली पायरी.

पायरी दुसरी. त्या तोंडामागे यूएआरटी नावाची चिप बसलेली असते. १९८१ च्या आयबीएम पीसीत ती ८२५० होती आणि तिच्यात रांगेची सोय अजिबात नव्हती. एक अक्षर घातलं, की ते पुढे सरकेपर्यंत दुसऱ्याला दारातच उभं राहावं लागे. पुढे १६५५० आली, १६ अक्षरांची रांग घेऊन. ती रांगच नीट चालेना, म्हणून दुरुस्त केलेली १६५५०ए आली. तुमच्यासमोर कोण आहे हे ड्रायव्हर सुरुवातीला स्वतःच चाचपून बघतो. मुलगी बघायला गेल्यासारखे दोन-चार प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून ओळखतो.

पायरी अजून दुसरीच. पहिल्या पोर्टचा पत्ता ३एफ८. हा आकडा हेक्समधला आहे, एफ बघून दचकू नका. तिथून पुढे सलग आठ घरं. अक्षर शून्याव्या घरात टाकायचं. मात्र त्याच घरातून वाचलंत, तर समोरून आलेलं अक्षर मिळतं. आणि तिसऱ्या घरातला सगळ्यात वरचा बिट चढवून ठेवलात, तर शून्याव्या घरात जे टाकाल ते अक्षर मानलं जात नाही, वेगाचा भाजक मानला जातो. एका दाराला तीन बिऱ्हाडं! ११५२०० ला १२ ने भागलं की ९६०० चा वेग मिळतो, म्हणून तिथे १२ लिहायचे आणि तो बिट आठवणीने उतरवायचा. मी एकदा विसरलो. माझं ए, म्हणजे ६५, निमूटपणे भाजक होऊन बसलं. वेग झाला सुमारे १७७२ आणि बाहेर काहीच गेलं नाही. दुपारभर मी केबल बदलत होतो.

पायरी तिसरी. पाचव्या घरात डोकावा. तिथला पाचवा बिट म्हणजे ‘जागा रिकामी आहे’ अशी पाटी. (बिट शून्यापासून मोजायचे. इथे सगळंच शून्यापासून मोजतात.) पाटी नसेल तर पुन्हा डोकावा. ९६०० ला एक अक्षर जायला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, कारण आठ बिटांच्या पुढे एक आणि मागे एक असे दहा बिट जातात. तेवढ्यात प्रोसेसर लाखो कामं उरकतो. त्याला दारात ताटकळत ठेवणं पाप आहे. म्हणून पहिल्या घरात एक बिट लावून चिपला सांगतात, ‘रिकामी झालीस की हाक मार.’ ती चार नंबरच्या इंटरप्टवरून हाक मारते. ड्रायव्हर उठतो, १६ अक्षरं रांगेत ओततो आणि पुन्हा आडवा होतो. द्यायला काही उरलं नाही, की तो बिट काढून घेतो.

आता तुमचा प्रोग्राम. त्याने लिनक्सला अक्षर दिलं, लिनक्सने ते आपल्या बफरमध्ये ठेवलं आणि लगेच ‘झालं’ म्हणून सांगितलं. तारेवर अजून एकही बिट गेलेला नसू शकतो. पुढे ड्रायव्हर चिपला देतो आणि म्हणतो, झालं. चिपही पाटी लावते, झालं. पण ती पाटी रांग रिकामी झाल्याची असते. शेवटचं अक्षर अजून आतल्या घसरगुंडीवर एकेक बिट खाली येत असतं, सगळ्यात लहान बिट आधी. ते पुरतं बाहेर पडलं हे सहावा बिट सांगतो, पाचवा नाही.

एवढ्याशा फरकाने काय होतं? एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लांबून दिसेल असा मोठा आकड्यांचा फलक लावायचा होता. अंतर जास्त म्हणून दोन तारांची आरएस-४८५ लाइन घेतली. त्यात बोलायच्या आधी लाइन हातात घ्यायची आणि बोलून झालं की सोडायची. ते काम माझ्याकडे होतं, आणि मी पाचवा बिट बघून लाइन सोडत होतो. प्रत्येक वेळी शेवटचा आकडा घसरगुंडीवरच राहायचा. १२४८० किलो भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि फलकावर १२४८ आले.

साडेबारा टनांचा सव्वा टन. ड्रायव्हर, म्हणजे ट्रॅक्टरचा, खाली उतरला, मागे जाऊन ऊस जागेवर आहे का ते बघून आला, आणि मग माझ्याकडे बघत उभा राहिला.