तहकुबीचा हुकूम

मोहीम काढणे आणि मुलूख राखणे ही दोन भिन्न शास्त्रे असून पहिल्यात निपुण असलेला पुरुष दुसऱ्यात बहुधा अगदीच अडाणी निघतो, हा इतिहासाचा सिद्धांत देहाच्या वजनालाही तंतोतंत लागू पडतो. वजन उतरवण्याच्या विद्येत मार्गदर्शकांची वाण आपल्याकडे नाही. दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटोपावे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, हा डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोहोचवलेला उपदेश प्राणहितेच्या काठी आमच्या सिरोंच्यासही यथाकाल दाखल झाला. आणि मी त्याची अंमलबजावणी अशा कसोशीने केली, की माझ्या देहावरील सारा जादा ऐवज काही महिन्यांतच खालसा झाला.

परंतु बारीक झालेल्या माणसाचे अभिनंदन करण्याची वहिवाट सिरोंच्यात नाही. पुण्यामुंबईकडे ज्याला सुडौल म्हणतात, त्याला या हिवतापाच्या मुलखात आजारी म्हणतात. बाजारात जो तो "काऊन हो बाबूजी, मलेरिया झाल्ता का?" असे हळहळून विचारी, आणि शेजारच्या तेलुगू अक्का काही एक न विचारता वाफाळलेला भात, त्यावर तुपाची धार आणि कडेला अंबाडीची चटणी अशी थाळी पुढे सारून "तिनंडी, तिनंडी" म्हणत, मी जेवेपर्यंत दारातून हालत नसत.

किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले असता येणारा आकडा हिंदी माणसाच्या बाबतीत १८.५ च्या खाली आणि २३ च्या वर जाऊ नये, असा वैद्यकाचा दंडक आहे. आणि त्या हद्दीत मी केव्हाच बिनबोभाट प्रवेश केला होता. तथापि ज्याला फत्तेची चटक लागली, तो सरहद्दीवर कशाला थांबेल? 'आणखी दोन किलो' ही अशी मागणी आहे, की ती पुरी होताच पुन्हा तितक्याच रकमेची दाखल होते. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे सुमारे चौथाई वजन तर झडलेच, शिवाय देहाने आपला रोजचा खर्चही आखडता घेतला, आणि त्यातील काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. मीही निजण्यापूर्वी कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' कादंबरीच्या ओढीने वाचू लागलो होतो, आणि अनारशांपाशी माझा कंठ दाटून येई.

वास्तविक घटीला आवर न घातल्यास काय होते, हे पाहण्यास गावाबाहेर जाण्याचे कारण नव्हते. १८६० साली अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झालेले हे सिरोंचा १८७४ साली चांदा जिल्ह्याची तहसील होऊन बसले. १९०७ साली खालचे नुगूर, अल्बाका आणि चेर्ला हे तालुके मद्रास इलाख्याकडे गेले. पुढे अहेरीने वेगळी चूल मांडली. आणि आज या माजी जिल्हास्थानाच्या नागरिकास जिल्ह्याची कचेरी गाठायची म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरचे जंगल ओलांडावे लागते. उलटपक्षी, वजनात ज्याची बरोबरी कोणी करू नये असा सात टनांचा बारापासॉरस हा डायनासोर याच खोऱ्यात नांदत होता. तो सांप्रत कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अस्थिमात्र उरून उभा आहे. सबब दोन्ही टोके त्याज्य.

मला मात्र तहकुबीचा हुकूम मिळाला, तो इतिहासाकडून नव्हे आणि वैद्याकडूनही नव्हे, तर शिंप्याकडून. पुन्हा एकदा आत घेण्यासाठी दिलेली विजार त्याने उलटी करून फळीवर पसरली, मागच्या दोन खिशांमध्ये उरलेल्या जागेवर एकच बोट ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत निकाल दिला, "बाबूजी, आता याच्याहून आत घेतली, तर हे दोन्ही खिसे एकमेकाले भेटतीन. नवी शिवून घ्या, नाही तर जेवून घ्या."

तेव्हापासून मोहीम बंद आणि बंदोबस्त सुरू. त्याचे कलम पहिले असे, की ठरल्या आकड्याच्या खालीवर एकेक किलोची मुभा असावी, आणि तिच्याबाहेर पाऊल पडले तरच विचारपूस व्हावी. दुसरे असे, की शिधा वाढवायचा तो पोळी-अर्धी पोळीने, आणि काटा स्थिरावल्याखेरीज पुढची मंजुरी नाही, कारण हलक्या देहाचा खर्चही हलका असल्याने जुना शिधा पूर्ववत बहाल करता येत नाही. तिसरे असे, की चालणे यावज्जीव चालू राहील. या कारभारात कीर्ती नाही. दहा किलो घटवणाऱ्याचे छायाचित्र छापून येते. गेल्या वर्षीइतकाच भरणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्या बंदोबस्तावर आजवर एकच शेरा पडला आहे: काट्यावर सतत तोच आकडा दिसतो, हे पाहून पत्नीने त्यातील सेल बदलून आणण्यास फर्मावले.